आम्ही कचरा बघायला गेलो होतो!

"काय वं माय, एवढ्या लांब येऊन आपन कचरा देखाले उनूत का?"

आंबोलीचा घाट उतरताना आमच्या पारोळ्याच्या अक्कांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा प्रश्न टाकला आणि अख्खी बस खो-खो हसली. मला मात्र हसावं की गप्प बसावं ते कळेना. कारण सहलीच्या कागदावर 'वेंगुर्ला – कचरा प्रकल्प' ही ओळ घुसडणारी मीच!

गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. जळगाव आणि धुळे मिळून आम्ही अडतीस जणी होतो. कुणी बचत गटातल्या, कुणी महिला मंडळातल्या, दोघी-तिघी शाळेतल्या बाई. पहाटे जळगावहून निघालेली गाडी धुळ्याच्या मैत्रिणींना घेऊन नाशिक, पुणे करत कोल्हापूरला आली. अंबाबाईची ओटी भरून झाली. आता पुढे सावंतवाडीची लाकडी खेळणी, रेडीचा गणपती, वेंगुर्ल्याचा समुद्र... आणि मध्येच हा कचरा! आमच्या खजिनदार बाईंनी तर आधीच सुनावलं होतं, "तेवढ्या वेळात गोव्याचं एक देऊळ बघून होईल. कचरा काय, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरही आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला तो प्रकल्प बघायचाच होता. का, ते सांगायचं तर नऊ महिने मागे, आमच्या घरच्या एका लग्नात जावं लागेल. मैत्रिणींनो, ते सांगताना आजही मान खाली जाते, पण सांगते.

कोठीची किल्ली

२०१८ चा एप्रिल. माझ्या थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न. घरातलं पहिलंच कार्य, त्यामुळे हौसेला मोल नव्हतं. कोठीची किल्ली माझ्या कमरेला होती. काय किती शिजवायचं, कधी काढायचं, सगळं माझ्या हातात. आचारी जुना, अनुभवी माणूस. तो म्हणाला, "वहिनी, उन्हाचे दिवस आहेत. माणूस पाणीच जास्त पितो, जेवतो कमी. सातशेचा अंदाज धरू." मी म्हटलं, "छे छे, नऊशेचं करा. वाढीव राहू द्या. कमी पडायला नको."

कमी पडायला नको! आपल्याकडच्या लग्नांत हे वाक्य मंत्रासारखं म्हटलं जातं. हळदीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली, ती मंडळींनी बोटं चाटत खाल्ली. पण लग्नाच्या दिवशी बफे. दोन गोड, तीन भाज्या, चाटचा काउंटर, लेकरांसाठी नूडल्स, शिवाय मठ्ठा. बाहेर पारा चढलेला. लोकांनी ताटं भरभरून घेतली, चव बघितली आणि तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी मोजून घ्यायला मी कार्यालयात गेले. मागच्या बाजूला गेले आणि थबकलेच. भिंतीला टेकून उरल्या-टाकल्या अन्नाचा ढीग. भात, जिलब्या, पुऱ्या, भाजी, आणि त्यातच थर्माकोलच्या वाट्या, प्लास्टिकचे ग्लास, चमचे, कागदी रुमाल. रात्रभराच्या उष्म्यानं आंबलेला वास. त्या ढिगापाशी एक सफाई करणारी बाई उकिडवी बसली होती. हातात काही नाही. उघड्या हातानं भातातून ग्लास आणि चमचे वेचून गोणीत टाकत होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, हे सगळं तुम्हालाच करावं लागतं का?"

ती वर न बघताच म्हणाली, "ताई, एवढं वेगळं टाकलं असतं तर माझ्या म्हशीनं तरी तोंड लावलं असतं. आता ना म्हशीच्या कामाचं, ना माणसाच्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दोनशे माणसांचं जास्तीचं अन्न मी शिजवायला लावलं होतं. आणि ते निदान जनावराच्या पोटी जावं एवढीही सोय मी ठेवली नव्हती. त्यासाठी काय लागलं असतं? वेगळी दोन टोपं!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जळगाव-धुळ्याचेही तालुके होते. टँकरच्या बातम्या वाचताना मला त्या ढिगातला भात आठवायचा. एक किलो तांदूळ पिकायला सरासरी अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, असं सांगतात. किती टँकर मी त्या भिंतीला टेकवून ठेवले होते, याचा हिशेब करायची हिंमत झाली नाही.

म्हणून सहलीच्या कागदावर ती ओळ आली.

पदर नाकाला, आणि मग खाली

वेंगुर्ला हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, समुद्रकाठचं छोटं गाव. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या जेमतेम बारा हजारांच्या घरात. म्हणजे आपल्या चोपडा, अमळनेर, शिरपूरपेक्षा कितीतरी लहान! तिथला कचरा डेपोही पूर्वी इतर गावांसारखाच होता. वास, माश्या, धूर. २०१५ च्या सुमारास तिथले त्या वेळचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी नगरपरिषद, सफाई कामगार आणि गावकरी यांना बरोबर घेऊन तो बदलायला घेतला. डेपो झाला बाग, आणि त्याला नाव दिलं 'स्वच्छ भारत पर्यटनस्थळ'. लोक समुद्र बघायला येतात तसे कचऱ्याचं काय केलं ते बघायला येऊ लागले.

गाडीतून उतरताना अर्ध्या बायकांचा पदर नाकाला. अक्कांनी तर रुमालाची घडी करून वर पदर धरलेला. चार पावलं आत गेलो. मग एकीचा पदर खाली आला, मग दुसरीचा. अक्का सगळ्यांत शेवटी. वास नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण तो आपल्या नाल्याकाठचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास नव्हता. गोठ्यात शिरल्यावर येतो तेवढाच. झाडं लावलेली, आणि कचऱ्याचा एक मोठा डोंगर नाही तर वेगवेगळे छोटे ढीग. किराणा दुकानात डाळी, तांदूळ वेगळे मांडतात ना, तसे.

तिथलं गणित असं. गावातला कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो. सुका कचरा पुढे प्रकल्पावर आणखी वेगळा होतो. प्लास्टिक, काच, पुठ्ठा, कापड, चप्पल, असे वीसहून अधिक प्रकार! प्लास्टिकचा बारीक चुरा करून तो डांबरात मिसळून रस्त्याला वापरला. पालापाचोळा दाबून त्याच्या जळणाच्या कांड्या केल्या. आणि ओला कचरा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं उरलं-सुरलं, बायोगॅसला. त्या गॅसवर तयार झालेली वीज तिथल्याच कामाला वापरायची.

आम्ही बायका सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिलो त्या बायोगॅसपाशी. कारण ते आम्हाला कळत होतं. ते आपलंच काम होतं!

विरजणाची गोष्ट

कळत होतं असं म्हटलं, कारण बायोगॅस म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, विरजण आहे. दुधात चमचाभर दही घालतो, त्यातले जिवाणू रात्रीत सगळ्या दुधाचं दही करतात. तसंच इथं. हवाबंद टाकीत सुरुवातीला शेणकाला घालतात, ते विरजण. मग रोज अन्नाचा लगदा करून पाण्यात कालवून घालायचा. आत हवा नसते, म्हणून हवेशिवाय जगणारे जिवाणू त्या अन्नावर काम करतात आणि मिथेन वायू सुटतो. वायू वर साठतो, नळीनं शेगडीकडे नाहीतर जनित्राकडे जातो. खाली जी पातळ मळी उरते ते उत्तम खत.

आणि शेणापेक्षा अन्नातून गॅस कितीतरी जास्त निघतो, हे ठाऊक आहे का? विचार केला तर सोपं आहे. शेण म्हणजे गायीनं आधीच पचवून, सत्त्व काढून घेतल्यावर उरलेलं. आपला टाकलेला भात, पोळी, उकडलेला बटाटा मात्र सगळा सत्त्वानं भरलेला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच कल्पनेवर घरगुती बायोगॅस तयार केला. २००६ मध्ये त्या कामाला इंग्लंडचं ॲशडेन पारितोषिक मिळालं. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा प्रकल्प विकसित केला, त्याचंही मुख्य खाद्य स्वयंपाकघरातलं अन्न.

पण विरजणाचे नियमही आहेत. एकदम जास्त अन्न ओतलं तर टाकी आंबते, जिवाणूंचं पोट बिघडतं आणि गॅस थांबतो. नारळाच्या करवंट्या, अंड्याची टरफलं, मोठी हाडं चालत नाहीत, ती जिवाणूंना पचत नाहीत. आणि सगळ्यांत मोठा शत्रू कोण? प्लास्टिकची पिशवी, चमचा, हाराचा दोरा. ते लगदा करणाऱ्या यंत्रात गुंततात, नळीत अडकतात. चमच्यांनी भरलेला एक ढीग आला की लाखोंचं यंत्र बसलंच.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ती उकिडवी बसलेली बाई आली. ती वेचत होती ते चमचे, ते ग्लास. म्हणजे माझ्या घरचं ते अन्न अशा प्रकल्पात आणलं असतं तरी फुकटच गेलं असतं! यंत्र कितीही चांगलं असो, त्याचं भवितव्य ठरतं ताट खरवडण्याच्या जागी. आपण एका डब्यात टाकतो की दोन, तिथं.

२०१६ साली आलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. पण नियम वाचून जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथं पंधरा मिनिटं उभं राहून शिरलं.

आणखी एक गोष्ट. हा मिथेन डेपोतही तयार होतोच. ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळाली नाही की तिथंही हेच जिवाणू काम करतात. पण तिथला वायू शेगडीकडे जात नाही, मोकळा हवेत जातो. डेपोला आग लागली की ती दिवसेंदिवस धुमसते ती यामुळेच. पृथ्वी तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट जबर मानतात. आधीच आपल्या खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. आणखी तापवायला आपलाच हातभार कशाला?

"मग काय, उरलं तरी हरकत नाही!"

परतीच्या वाटेवर गाडीत चर्चा रंगली. एक मैत्रीण म्हणाली, "बरं झालं बाई! म्हणजे आता अन्न उरलं तरी मनाला लावून घ्यायला नको. गॅस तरी होतो."

इथंच मला बोलावंसं वाटतं. हा लेख लिहायचं कारणही हेच.

प्रकल्प बघून आल्यावर हा धोका असतो. आपल्याला वाटतं, सोय झाली. अन्नाचा गॅस होतो हे खरं, पण ते अन्न गॅससाठी पिकवलेलं नव्हतं. शेतकऱ्यानं रात्री-बेरात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी धरलं, बाईनं कंबर मोडून निंदणी केली, आचाऱ्यानं भट्टीपुढे घाम गाळला, तो हा घास. त्यातून मिळालेली चिमूटभर वीज म्हणजे पैठणी फाडून पोतेरं करण्यासारखं आहे. पोतेरं उपयोगाचं असतं, पण त्यासाठी कुणी पैठणी विणत नाही. साली, देठं, कोय, चोथा, खरकटं हे प्रकल्पाचं खरं खाद्य. भरल्या ताटातली जिलबी नव्हे. आपल्या आज्या म्हणायच्या, खाऊन माजावं पण टाकून माजू नये. तेव्हा बायोगॅस नव्हता म्हणून म्हणायच्या असं थोडंच आहे!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतासाठी त्यांचा अंदाज घरटी नव्हे, माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. यात साली-देठंही धरलेली आहेत. तरी पाच माणसांच्या घराचे पावणेतीन क्विंटल होतात! आपण वर्षाचे गहू भरतो तेव्हा किती भरतो, आठवून बघा.

आणि आपल्याकडे हे पूर्वी नव्हतं असंही नाही, पण वेगळं होतं. केळीच्या पानावर, पळसाच्या पत्रावळीवर पंगत बसायची. वाढणारा विचारून वाढायचा. उरलेलं गुराला, पान-पत्रावळ उकिरड्यावर, उकिरड्याचं खत शेतात. त्या साखळीत प्लास्टिकचा चमचा कुठंच नव्हता. राज्य सरकारनं प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी जाहीर केली २३ मार्च २०१८ ला, म्हणजे आमच्या लग्नाच्या जेमतेम महिनाभर आधी. आणि आम्ही काय केलं? "जूनपासून कडक होणार आहे, तोवर चालतंय" म्हणून थर्माकोलच आणलं. शिकलेल्या माणसांचं हे असं!

टाकाऊ अन्नाची किंमत धंद्यातल्या लोकांना आपल्याआधी कळली, हेही सांगायला हवं. लांब कशाला, आपल्या जळगावातच जैन उद्योगसमूहानं फळं आणि कांदा प्रक्रियेतून निघणाऱ्या टाकाऊ भागावर बायोगॅस आणि वीज करणारा प्रकल्प उभारला. आंब्याच्या सालीचं मोल कारखान्याला समजतं, मग आपल्याला का समजू नये?

डबे दोन, पण हात कुणाचे?

आता एक मनातली टोचणी. वेंगुर्ल्याला गेलो आम्ही अडतीस बायका. एकही पुरुष नाही. घरात ओला-सुका वेगळा कोण करणार? बाई. घंटागाडीची घंटा वाजली की हातातलं पीठ तसंच ठेवून धावणार कोण? बाई. कार्यालयामागे चमचे वेचणार कोण? तीही बाईच. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून 'परिसर विकास' या उपक्रमात कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केलं, 'निसर्गऋण'सारखे प्रकल्प चालवायला शिकवलं. त्या बायका हातमोजे घालून, ओळखपत्र लावून यंत्र चालवतात, हे वाचून अभिमान वाटतो. पण कचरा म्हटला की बाई, हे समीकरण काही सुटत नाही.

आणि निर्णय? पत्रिका किती छापायच्या, मेनूत किती पदार्थ, बफे की पंगत, हे ठरतं बैठकीत. तिथं व्याही बसतात, भाऊबंद बसतात. "आमच्याकडे सात पदार्थ होते, तुमच्याकडे नऊ हवेत" असं बोललं जातं. आपण चहाचा ट्रे ठेवून आत जातो. मग उरलेल्या अन्नाचं पाप मात्र कोठी सांभाळणारीच्या माथी. माझी चूक मी कबूल केली आहे, तिच्यातून मी सुटत नाही. पण नऊशेचा आग्रह माझ्या तोंडून आला तेव्हा त्यामागे घरातल्या सगळ्यांचं 'नाक' उभं होतं, हेही तितकंच खरं.

म्हणून माझं सांगणं आहे, कचऱ्याचा प्रकल्प बघायला एकट्या बायकांनी जाऊ नये. नवऱ्याला न्या, सासऱ्यांना न्या, जमलं तर व्याह्यांनाही न्या! आणि लेकरांना नक्की न्या. ज्या मुलानं चमच्यामुळे बंद पडलेलं यंत्र पाहिलं, तो घरी आल्यावर आईच्या मागे लागतो, "हा डबा नाही, तो डबा."

ठरवलं त्याचं काय झालं?

सहलीहून आल्यावर आमच्या मंडळानं ठरवलं की, आपल्या सभासदांच्या घरी कार्य असेल तर चार गोष्टी पाळायच्या. एक, पत्रिका दिल्यावर आठवडाभर आधी फोन करून किती माणसं येणार ते विचारायचं. दोन, पिण्याला स्टीलचे ग्लास, भांडीवाल्याकडून भाड्यानं. तीन, ताटं ठेवायच्या जागी दोन मोठी टोपं, एकात फक्त अन्न, दुसऱ्यात बाकी सगळं, आणि तिथं घरातलं एक माणूस उभं. चार, न वाढलेलं, झाकून ठेवलेलं अन्न दोन तासांच्या आत कुठं द्यायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. आपल्या उन्हात त्याहून उशीर म्हणजे विषाची परीक्षा.

फार मोठ्या गोष्टी नव्हत्या. पण खरं सांगू? पहिल्याच लग्नात फजिती झाली. टोपांपाशी उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी दहावीतला भाचा उभा राहिला, तर मंडळी त्यालाच विचारू लागली, "काय रे, वेटर झालास का?" फोन करून माणसं विचारली तर एका नातेवाइकांना राग आला, "आम्हाला जेवायला घालायची मोजदाद करता का?" स्टीलचे ग्लास मात्र सगळ्यांना आवडले. आणि अन्नाच्या टोपात अन्नच राहिलं. चार-सहा चमचे होते, ते काढता आले.

मग २०२० साल उजाडलं. कोरोनात पन्नास माणसांत लग्नं लागली. आठ पदार्थांचे चार झाले. कुणाचं नाक कापलं गेलं? एकाचंही नाही. संसार मोडले? नाही. उलट मुलीच्या बापाच्या डोक्यावरचं कर्ज वाचलं. ज्या 'लोक काय म्हणतील'साठी आपण ढीग लावत होतो, ते लोक काहीच म्हणाले नाहीत, घरी बसून राहिले! मला वाटलं होतं, एवढं दुःख देऊन गेलेल्या त्या काळानं ही एक शिकवण तरी मागे ठेवली असेल. पण बंधनं उठली आणि आपण पुन्हा होतो तिथं. उलट लाइव्ह काउंटर वाढले.

तिकडे कोकरे साहेबांची वेंगुर्ल्याहून बदली झाली. पुढे कल्याण-डोंबिवलीत त्यांच्या पुढाकारानं २०२० पासून कचरा वेगळा करण्याची मोहीम चालली. बारा हजारांच्या गावात जे करून दाखवलं ते लाखोंच्या शहरात करायला घेतलं. माझ्या मनात येतं, अधिकारी येतो आणि जातो. बदली न होणारी माणसं कोण? आपण. माहेर सोडून इथं आलो ती आपली एकदाच बदली झाली, आता कुठं जायचंय!

आमच्या मंडळातल्या सगळ्याजणी चारही गोष्टी पाळतात असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? अडतिसांतल्या दहा-बारा घरी टोपांची पद्धत टिकली. तीन घरांत बफे जाऊन पुन्हा पंगत आली, तिथं सगळ्यांत कमी उरतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आणि अक्का! 'कचरा देखाले उनूत का' म्हणणाऱ्या अक्का आता प्रत्येक लग्नात टोपांपाशी स्वतः खुर्ची टाकून बसतात. भरल्या ताटानं येणाऱ्याला त्या काही बोलत नाहीत, फक्त ताटाकडे बघतात. एवढं पुरतं.

गेल्या वर्षी त्याच कार्यालयात एक लग्न होतं. सफाईवाली मावशी भेटली, केस पांढरे झालेले. मी तिला अन्नाचं टोप दाखवलं, आत एकही चमचा नव्हता. वाटलं, खूष होईल. तिनं टोपात बघितलं आणि म्हणाली, "एवढं सगळं म्हशीला नाही चालत ताई. भात-पोळी जास्त झाली की तिचं पोट फुगतं, मरतंय जनावर. थोडं नेते." बादलीभर घेतलं आणि उरलेलं तसंच ठेवलं.

म्हणजे टोप वेगळं ठेवलं म्हणून काम संपत नाही. बादलीभर म्हशीचं, चार बादल्या आमच्या हव्यासाच्या! त्या चार बादल्यांसाठी आपल्या नगरपालिकेकडे बायोगॅस मागायला मी आमच्या मैत्रिणींबरोबर अर्ज घेऊन जाणारच आहे. तुम्हीही तुमच्या गावात जा. पण अर्जावर सही करण्याआधी पुढच्या कार्याचा अंदाज आचाऱ्याला सांगताना एवढंच करा... तो सातशे म्हणाला तर सातशेच म्हणा.